सैल वाळूवरचे शहर : मद्रास बंदरापासून खोल कंपनापर्यंत

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्याला पायाखालची वाळू अनादी काळापासून तिथेच असावी असे वाटते. प्रत्यक्षात त्या रुंद पुळणीचा बराचसा भाग दीडशे वर्षांहून जुना नाही. समोरच्या प्रेसिडेन्सी कॉलेजची इमारत १८७० मध्ये उभी राहिली, तेव्हा समुद्र तिच्या पुष्कळ जवळ होता. त्यानंतर समुद्र मागे हटला, तो माणसाने केलेल्या एका बांधकामामुळे. या वाळूची कथा म्हणजे अभियंत्यांनी वाळू समजून घेण्यास घेतलेल्या दीर्घ वेळेची कथा आहे. तिचा शेवटचा अध्याय अजून लिहिला जात आहे.

मद्रासला नैसर्गिक बंदर कधीच नव्हते. जहाजे उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहत. शिवलेल्या फळ्यांच्या ‘मसुला’ होड्या फेसाळत्या लाटा फोडत माल आणि माणसे किनाऱ्याला आणीत. अनेक होड्या उलटत, माल भिजे, माणसे बुडत. १८६१ मध्ये लोखंडी खांबांवरचा एक धक्का समुद्रात नेण्यात आला, परंतु त्याने प्रश्न सुटला नाही. अखेर दोन दगडी बाहू समुद्रात टाकून मधले पाणी शांत करायचे ठरले आणि डिसेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कोनशिला बसली. काम पूर्णत्वाला येत असतानाच १२ नोव्हेंबर १८८१ च्या वादळाने त्या भिंतींची दाणादाण उडवली. दुरुस्ती झाली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या कारकिर्दीत बंदराचे पूर्वेकडील तोंड बंद करून ते ईशान्येला नेण्यात आले.

तोंड हलवण्यामागे वाळूच होती. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत लाटा या किनाऱ्यावर तिरक्या येतात आणि वाळू उत्तरेकडे ढकलतात. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत प्रवाह उलटा होतो, पण तो कमी काळ टिकतो. वर्षाचा हिशेब मांडला तर वाळूचा ओघ उत्तरेकडेच राहतो. बंदराच्या दक्षिण बाहूने हा ओघ अडवला. बाहूच्या दक्षिणेला वाळू साचत गेली आणि मरीनाची पुळण रुंदावली. उत्तरेकडील रायपुरम, कासिमेडू, तिरुवोट्टियूर या भागांना मात्र वाळूचा पुरवठा तुटला, समुद्र जमीन खाऊ लागला आणि तेथे दगडी बांध घालावे लागले. एका बाजूला जे मिळाले, ते दुसऱ्या बाजूकडून घेतलेले होते.

अशा वाळूवर बांधकाम कसे करावे, हा प्रश्न दक्षिण भारताला नवा नव्हता. कावेरीच्या पात्रातील कल्लणै हा प्राचीन बंधारा परंपरेने करिकाल चोळ राजाच्या नावाने ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या ब्रिटिश अभियंत्याने त्याचा अभ्यास केला, तेव्हा त्याला एक गोष्ट उमगली. नदीची वाळू किती खोल आहे याचा ठाव न घेताही तिच्यावर पाया घालता येतो. मोठमोठे दगड वाळूत टाकत राहायचे. ते खचत जातात, एका टप्प्याला थांबतात, आणि त्यांच्यावर बांधकाम चढवता येते. ही विद्या आपण येथील जुन्या बांधकाम करणाऱ्यांकडून शिकलो, हे कॉटनने मोकळेपणाने मान्य केले. १८३६ मध्ये कोल्लिडम नदीवर आणि १८५२ पर्यंत गोदावरीवर धवळेश्वरम येथे त्याने उभारलेले बंधारे वाळूच्या पात्रांवरच उभे होते. तंजावरच्या भोसले घराण्याची दौलत ज्या कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीवर पोसली गेली, ती शेतीही अशाच वाळूत रुतलेल्या दगडांच्या भरवशावर पिकत होती.

पूल व बंधारे बांधताना दुसरीही एक रीत होती. विटांची विहीर रचायची, तिच्या पोटातली वाळू उपसायची, विहीर स्वतःच्या वजनाने खाली बसवायची आणि कठीण थरापर्यंत न्यायची. दोन्ही रीती यशस्वी होत्या, पण दोहोंचे गृहीतक एकच होते : वाळू आहे तशीच राहणार. तिच्यात दगड बुडवा किंवा तिच्या आरपार जा. तिचा स्वभाव बदलण्याचा विचार कोणी केला नव्हता. तो विचार विसाव्या शतकात आला.

त्यामागचे तत्त्व प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. डबा तांदळाने काठोकाठ भरला आणि थोडे तांदूळ उरले, तर डबा जमिनीवर हलकेच आपटतात. दाणे खाली बसतात आणि उरलेले तांदूळही मावतात. तांदूळ कमी झालेले नसतात, दाण्यांमधली पोकळी कमी झालेली असते. एकसारखे गोल एकावर एक सरळ रचले, तर एकूण जागेपैकी सुमारे ४८ टक्के रिकामी राहते. तेच गोल एकमेकांच्या खाचेत बसवले, तर रिकामी जागा सुमारे २६ टक्क्यांवर येते. खऱ्या वाळूचे कण एकसारखेही नसतात आणि गोलही नसतात, तरी तिलाही एक सर्वांत सैल आणि एक सर्वांत घट्ट स्थिती असतेच. एखादी वाळू या दोन टोकांच्या दरम्यान कुठे आहे, हे सांगणाऱ्या मापाला सापेक्ष घनता म्हणतात. पाण्यातून हळूहळू तळाशी बसलेली किंवा पाइपातून पाण्याबरोबर ओतलेली वाळू बहुधा सैल टोकाजवळ असते.

वरून वजन ठेवून वाळू घट्ट करता येत नाही का? फारशी नाही. दाणे एकमेकांना टेकून कमानीसारखे उभे राहतात आणि वजन पेलून धरतात. रूळ फिरवला, तर वरचा मीटरभर थर बसतो, त्याखाली परिणाम पोहोचत नाही. दाण्यांमधले घर्षण क्षणभर मोडले, तरच ते नव्याने मांडले जातात, आणि त्यासाठी कंपन लागते. डब्याच्या बाबतीत हात बाहेरून आपटतो. दहा-वीस मीटर खोल वाळूच्या बाबतीत मात्र आपटणारा हात वाळूच्या आतच न्यावा लागतो.

हा हात १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झाला. १८६० मध्ये स्थापन झालेल्या योहान केलर यांच्या कंपनीत सर्गेई स्टॉयरमन आणि विल्हेल्म डेगेन यांनी खोल कंपकाची कल्पना प्रत्यक्षात आणली. १९३७ मध्ये बर्लिनमधील एका इमारतीखालची सुमारे साडेसात मीटर जाडीची सैल वाळू या पद्धतीने बसवण्यात आली. पुढे स्टॉयरमन अमेरिकेत गेले आणि तेथेही ही पद्धत रुजली. त्याच जर्मन कंपनीच्या भारतीय शाखेचे मुख्य कार्यालय आज चेन्नईत आहे.

यंत्राची रचना समजायला सोपी आहे. तीन ते पाच मीटर लांबीची पोलादी नळी क्रेनला टांगलेली असते. तिच्या आत मोटर असते आणि टोकाजवळ एका बाजूला जड असलेले वजन दांड्यावर फिरते. मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेणारे हे असमतोल वजन नळीला आडवे हादरवते. टोकातून पाण्याचे फवारे सोडले, की भोवतालची वाळू क्षणभर पातळ होते आणि नळी स्वतःच्या वजनाने खाली उतरते. तळ गाठल्यावर पाणी कमी करतात आणि नळी अर्धा-एक मीटरच्या टप्प्यांनी वर घेतात. प्रत्येक टप्प्यावर भोवतालचे दाणे घट्ट बसतात. वाळू जितकी घट्ट होते, तितका मोटरला जोर जास्त लागतो आणि विजेचा प्रवाह वाढतो, म्हणून चालकाचे लक्ष प्रवाहमापकावर खिळलेले असते. जमिनीच्या पृष्ठभागावर नळीभोवती खळगा पडतो आणि त्यात बाहेरून वाळू टाकत राहावे लागते. दोन ते चार मीटरच्या अंतराने, त्रिकोणी मांडणीत, सर्व क्षेत्रभर हे काम चालते. ते संपते तेव्हा संपूर्ण जमीन खाली बसलेली असते. बसवलेल्या थराच्या जाडीच्या साधारण ५ ते १५ टक्के इतका हा उतार असतो. वाळूतून बाहेर गेलेली पोकळी ती हीच.

आरंभी या पद्धतीचा हेतू इमारत खचू नये एवढाच होता. वाळूपासूनचा मोठा धोका वेगळाच आहे, हे शास्त्रज्ञांना हळूहळू उमगत गेले. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात उत्तर बिहारच्या विस्तीर्ण पट्ट्यात जमिनीतून वाळू आणि पाण्याची कारंजी उडाली, घरे झुकली व जमिनीत रुतली. १९३६ मध्ये आर्थर कासाग्रांदे यांनी सैल वाळू हादरली की आकुंचन पावते आणि घट्ट वाळू फुगू पाहते, हा भेद मांडला. १९३८ मध्ये अमेरिकेतील फोर्ट पेक धरणाच्या भरावाचा एक भाग काही मिनिटांत द्रवासारखा वाहून गेला आणि आठ कामगार मृत्युमुखी पडले.

घडते ते असे. पाण्याने भरलेल्या सैल वाळूला भूकंपाचा हादरा बसला, की दाणे एकमेकांजवळ सरकू पाहतात. त्यासाठी मधले पाणी बाहेर पडायला हवे, परंतु काही सेकंदांत ते पडू शकत नाही. मग दाण्यांवरचा भार पाण्यावर येतो, दाण्यांचा एकमेकांवरील आधार सुटतो आणि जमीन घटकाभर द्रव होते. यालाच द्रवीभवन म्हणतात. १६ जून १९६४ रोजी जपानमधील निइगाता शहरात कावागिशी-चो येथील चारमजली सदनिका भिंतीला फारशी चीर न जाता आख्ख्याच्या आख्ख्या कलंडल्या. इमारती मजबूत होत्या, त्यांच्याखालची जमीन तशी नव्हती. त्याच शहरातील तेलशुद्धीकरण कारखान्यात काही टाक्यांखालची वाळू आधीच खोल कंपनाने बसवलेली होती, आणि त्या टाक्यांची हानी तुलनेने फार कमी झाली. कोणी न आखलेला हा प्रयोग जगभरच्या अभियंत्यांनी लक्षपूर्वक वाचला. खोल कंपन म्हणजे काट्याने काटा काढणे होय. भूकंप जे अवेळी आणि सर्वत्र एकदम करणार, तेच यंत्र आधी, थोड्या जागेत आणि नियंत्रणाखाली करून घेते.

दुसरा धडा आला तो मरीना याच नावाच्या दुसऱ्या एका वस्तीतून. सॅन फ्रान्सिस्कोचा मरीना भाग १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी समुद्रात भराव टाकून तयार केलेला होता. १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपाचे केंद्र तेथून सुमारे १०० किलोमीटर दूर होते, तरीही त्या भरावाची वाळू पातळ झाली, घरे कोसळली आणि आगी लागल्या. त्याच उपसागराच्या परिसरात जिथे भराव आधी सुधारून घेतलेला होता, तिथे जमीन फारशी बसली नाही. दोन्ही ठिकाणी भूकंप तोच होता, समुद्रही तोच. पायाखालच्या वाळूत मात्र काही वर्षांपूर्वी घेतलेल्या एका निर्णयाचा फरक होता.

भारतात हा विषय दीर्घकाळ हिमालयाच्या पायथ्याचा आणि आसामचा समजला गेला. दख्खनचे पठार स्थिर आहे, ही समजूत १९६७ मध्ये कोयनेने आणि १९९३ मध्ये किल्लारीने मोडली. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात कांडला बंदरातील कार्यालयाचा मनोरा खांबांच्या पायावर उभा असूनही कलला, कारण खालची वाळू पातळ झाली होती. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला पुदुच्चेरीजवळच्या समुद्रात मध्यम तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे धक्के चेन्नईत जाणवले. २००२ मध्ये भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाची, म्हणजे आयएस १८९३ ची, नवी आवृत्ती आली आणि तिच्यात चेन्नई विभाग २ मधून विभाग ३ मध्ये गेली.

हा बदल कागदी वाटेल, पण त्याचा अर्थ मोठा आहे. विभागाचा गुणांक ०.१० वरून ०.१६ झाला, म्हणजे इतर बाबी समान असताना इमारतीने सोसायचे आडवे बल ६० टक्क्यांनी वाढले. वाळूच्या दृष्टीने दुसरा बदल अधिक महत्त्वाचा होता. जमिनीची घट्टता मोजण्याची सर्वपरिचित रीत अशी : ६३.५ किलोग्रॅमचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून टाकायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचे. विभाग ३ आणि त्यापुढील विभागांत पाच मीटर खोलीपर्यंत किमान १५ आणि दहा मीटरच्या खाली किमान २५ ठोके अपेक्षित धरले गेले. तेवढे ठोके न मिळाल्यास जमीन दाबून घट्ट करावी किंवा पाया खालच्या घट्ट थरापर्यंत न्यावा, असे मानक सांगते. विभाग २ मध्ये ही अट केवळ महत्त्वाच्या बांधकामांपुरती होती. चेन्नईच्या सामान्य इमारतीखालची वाळू त्या वर्षी प्रथमच प्रश्नाच्या कक्षेत आली. २०१६ च्या आवृत्तीत द्रवीभवनाची शक्यता तपासण्याची रीतही परिशिष्ट म्हणून जोडण्यात आली.

या सगळ्यात एक विलक्षण योगायोग आहे. चेन्नईच्या उत्तरेला एन्नोर येथे मिळणारी करड्या-पांढऱ्या रंगाची गारगोटीची वाळू ही भारताची प्रमाण वाळू आहे. सिमेंटची ताकद तपासायची, तर देशातील प्रत्येक प्रयोगशाळेने एकाच प्रकारची वाळू वापरली पाहिजे. नाहीतर दोन निकालांची तुलनाच होणार नाही. एकेकाळी इंग्लंडमधील लेटन बझर्ड येथील वाळू हे स्थान भूषवत होती. आयएस ६५० या मानकाने ते एन्नोरला दिले. २ मिलिमीटरपासून ९० मायक्रॉनपर्यंतचे कण तीन समान वाट्यांनी मिसळलेली ही वाळू पुण्याच्या महाविद्यालयातही पोहोचते आणि गुवाहाटीच्या प्रयोगशाळेतही. ज्या किनाऱ्याच्या वाळूवर शहराने शंका घेतली, त्याच किनाऱ्याची वाळू देशभर मापदंड ठरली आहे. त्याच एन्नोरला २००१ मध्ये नवे बंदर सुरू झाले आणि आज त्याच्या परिसरात कोळशाचे धक्के, वीजकेंद्रे व द्रवरूप नैसर्गिक वायूच्या टाक्या उभ्या आहेत. अशा जड आणि धोकादायक बांधकामांखाली वाळू सैल ठेवून चालत नाही.

खोल कंपन हा सर्वत्र चालणारा उपाय मात्र नाही. वाळूत गाळाचे व चिकणमातीचे बारीक कण १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त असले, की पाणी लवकर निसटत नाही आणि दाणे बसत नाहीत. म्हणूनच न्हावाशेवा किंवा मुंबईच्या खाड्यांतील समुद्री चिखलात केवळ हादरे देऊन काही साधत नाही. तेथे चिखलात उभे निचरामार्ग घालून पाणी हळूहळू पिळून काढावे लागते किंवा कंपकाने छिद्र पाडून त्यात खडी ठासून दगडी स्तंभ तयार करावे लागतात. दगडी स्तंभांसाठीचे भारतीय मानक २००३ मध्ये आले. शिवाय बसवलेली वाळू खरोखर बसली का, हे नंतर भोके पाडून तपासलेच पाहिजे, आणि त्यात घाई चालत नाही. नायजेरियातील जेब्बा धरणाच्या कामात असे आढळले, की कंपनानंतर कित्येक आठवडे वाळूची ताकद वाढतच राहिली. लगेच घेतलेल्या चाचणीवरून काम फसले असा निष्कर्ष काढला असता, तर तो चुकीचा ठरला असता.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र तंत्राची नाही, क्रमाची आहे. कंपक पाया घालण्यापूर्वीच चालवता येतो. इमारत उभी राहिल्यावर तिच्याखालची वाळू हादरवणे म्हणजे तीच इमारत खचवणे, आणि शेजारच्या जुन्या घरांनाही त्याची झळ बसते. बंदराच्या आवारात मोकळे मैदान असते, अवजड क्रेन येते, अंदाजपत्रकात जमीन सुधारण्याची तरतूद असते. किनाऱ्यालगतच्या दाट वस्तीत दोन मजल्यांचे घर बांधणाऱ्या कुटुंबाच्या हिशेबात यांपैकी काहीच बसत नाही. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, एकाच वाळूवर, टाकीखालची जमीन सुरक्षित आणि घराखालची अनोळखी, अशी स्थिती निर्माण होऊ शकते. तिच्यावर उपाय मोठ्या यंत्राचा नाही, माहितीचा आहे. कोणत्या गल्लीखाली सैल वाळू किती खोल आहे आणि भूजल किती वर आहे, याचे नकाशे घर बांधणाऱ्याच्या हाती पोहोचले, तर निदान पाया कसा घालायचा हे तो आधी ठरवू शकतो.

कॉटनला वाळूची खोली ठाऊक नव्हती, पण ती ठाऊक नाही हे त्याला ठाऊक होते आणि त्याने पाया तसा घातला. १८७५ च्या बंदराने वाळूला गृहीत धरले, आणि एका बाजूला पुळण व दुसऱ्या बाजूला धूप अशी किंमत शहराने मोजली. आज वाळू मोजण्याची रीत आहे, मानक आहे, यंत्र आहे. आता वेळेचे भान ठेवणे तेवढे उरले आहे. डबा हलवून घ्यायचा तो झाकण लावण्यापूर्वी.